खाणपट्ट्याचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थिनीस

चि. …,
अनेक आशीर्वाद.

प्रबंधाचा आराखडा वाचला. पत्रादेवीपासून पोळेपर्यंतचा गोवा घेतलास आणि दोन्ही टोकांना दार लावून घेतलंस. राज्याचं बजेट, प्रादेशिक आराखडा, केंद्राच्या योजना हे सगळं ठीक. पण डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या खाणींच्या तालुक्यांत जे घडलं, ते या कागदांत पुरतं सापडायचं नाही.

चीनने 1980 पासून शेनझेनसारखी किनाऱ्यावरची विशेष क्षेत्रं वाढवली. मग मागे पडलेल्या पश्चिमेकडच्या प्रांतांसाठी 2000 च्या सुमारास वेगळी मोहीम काढली. रस्ते, रेल्वे, घरं... पोलाद लागणारच. आपलं लोहखनिज कमी प्रतीचं. त्याची भुकटी इथल्या पोलाद कारखान्यांना फारशी नको असे, पण चांगल्या खनिजात मिसळून चिनी भट्ट्यांना ती चालू लागली. 2008 च्या मंदीत बीजिंगने चार लाख कोटी युआन बाजारात ओतायचं ठरवलं आणि पुढच्या दोन वर्षांत गोव्याची निर्यात चार कोटी टनांपलीकडे गेली. तिकडे आपले प्रांत कसे वाढवायचे हे ठरत होतं, इकडे मांडवीत खनिज वाहणारे बार्ज वाढत होते. आपल्या आराखड्यात यातलं काय होतं, ते तूच शोध.

एक मात्र सांभाळ. तेजीचं कारण तिथलं असलं तरी बंदीचं खापर तिथे फोडू नकोस. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या त्या बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर, बेकायदा उत्खननामुळे. पुढे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि 2018 मध्ये 88 लीजांचं नूतनीकरणच रद्द केलं. हा सगळा आपल्याच घरचा कारभार. परदेशाकडे बोट दाखवलं की इथले सगळे सुटतात, आणि त्यांना तेच हवं असतं.

गावात जाशील तेव्हा 'खाण हवी की नको' असं विचारू नकोस. त्याचं उत्तर प्रत्येकाकडे तयार असतं. ट्रक कुठल्या वर्षी घेतला, हप्ते कधीपर्यंत होते, शेतात खाणीची माती पहिल्यांदा कुठल्या पावसात आली, विहिरीचं पाणी कधी खाली गेलं, हे विचार. वर्ष आठवत नसेल तर मुलीचं लग्न, चवथ, घराची डागडुजी यांवरून काढून घे. लोकांना तसं बरोबर आठवतं. मग ती वर्षं एका रकान्यात आणि चीनची खनिज आयात शेजारच्या रकान्यात मांड. कुठे जुळतं आणि कुठे जुळत नाही, ते तुझं तिसरं प्रकरण. न जुळणाऱ्या जागा गाळू नकोस, तिथेच खरं काम आहे.

पर्यटन, मोपा विमानतळ वगैरे एकाच प्रकरणात आटप. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

मसुदा पाठवशील तेव्हा तिसरं प्रकरण आधी पाठव. पहिल्या दोनांत काय असतं ते मला ठाऊक आहे.

तुझा,
सर