नवख्याने फायटर निवडावा की जादूगार?

१९९८ सालच्या ‘बाल्डर्स गेट’ या संगणकीय खेळामध्ये अखेरीस सर्वांत बलाढ्य ठरतो तो जादूगारच, याविषयी मला शंका नाही, परंतु पहिल्या पातळीवर त्याचे हिट पॉइंट (मार सोसण्याची क्षमता) इतके तुटपुंजे असतात की एखादा लांडगाही त्याला सहज संपवतो, म्हणून सुरुवातीला त्याला योद्ध्यांच्या मागे उभे करून झोपेचा मंत्र वापरावा, कारण त्या टप्प्यावर शत्रूंचा अख्खा जथा त्याने आडवा होतो. आपले मुख्य पात्र मात्र फायटरच, म्हणजे योद्धाच, घ्यावे, आणि तेही मानवी, म्हणजे पुढे ड्युअल-क्लास करून, अर्थात जुना वर्ग (पात्राचा पेशा) सोडून नवा घेऊन, त्यालाच जादूगार बनवता येते. त्यासाठी शक्ती किमान १५ आणि बुद्धिमत्ता किमान १७ लागते, हे पात्र घडवतानाच पाहावे. नव्या वर्गाची पातळी जुन्या वर्गाच्या पुढे जाईपर्यंत योद्ध्याची कौशल्ये गोठलेली राहतात. तो काळ खरोखर खडतर असतो, तरी तेवढ्यासाठी हा मार्ग सोडू नये.