फाइल डिलीट केली तरी पुश अडतोच

प्रश्न: ताई, ग्रुप प्रोजेक्टमध्ये माझ्याकडून 180 एमबीची सीएसव्ही (डेटाची फाइल) कमिट झाली, म्हणजे गिटच्या इतिहासात नोंदली गेली, आणि 100 एमबीच्या वरची फाइल चालत नाही म्हणून गिटहबने पुश (सर्व्हरवर पाठवणं) रिजेक्ट केला. मग फाइल डिलीट करून परत कमिट केलं तरी तोच एरर! मैत्रीण म्हणते सरळ फोर्स पुश कर, म्हणजे सर्व्हरवरच्या इतिहासावर आपला जबरदस्तीने चढव. करू का? शिवाय लॅबच्या पीसीवर पासवर्ड बरोबर टाकूनही ऑथेंटिकेशन फेल्ड येतं.
– एमसीएची विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर: फोर्स अजिबात नको गं. साइजची अट सर्व्हर तपासतो, त्यामुळे फोर्सने ती फाइल जाणारच नाही, आणि सवय लागली तर एक दिवस ग्रुपमधल्या कुणाचे तरी कमिट ब्रँचवरून (कामाच्या शाखेवरून) उडतील, ते मात्र खरंच वाईट.

आता तोच एरर का येतो ते बघ. पुश करताना फक्त आजच्या फाइली जात नाहीत, सर्व्हरकडे नसलेले सगळे कमिट जातात. तू डिलीट केलंस ते नंतरच्या कमिटमध्ये, आधीच्या कमिटमध्ये सीएसव्ही जशीच्या तशी बसलीये. म्हणजे तो कमिटच काढायला हवा.

आधी 'गिट ब्रँच बॅकअप' करून ठेव, काही बिघडलं तर परत येता येईल (ही ब्रँच पुश करू नकोस, तिच्यात ती फाइल आहे). मग 'गिट स्टेटस' बघ. तुझी ब्रँच फक्त 'अहेड' (सर्व्हरच्या पुढे) असेल तर 'गिट रिसेट --सॉफ्ट ओरिजिन/मेन' कर (ओरिजिन/मेन म्हणजे सर्व्हरवरची मेन ब्रँच), पुश न झालेले कमिट सुटतात पण तुझा कोड कुठेच जात नाही, तो स्टेज केलेलाच (पुढच्या कमिटसाठी तयार) राहतो, आणि सीएसव्ही तू आधीच डिलीट केलीयेस म्हणून त्यात नसते. आता नव्याने एकच कमिट कर आणि पुश कर. पण 'डायव्हर्ज्ड' (दोन्हीकडे वेगवेगळे कमिट) दिसलं तर रिसेटच्या आधी थांब, अगोदर साधा मर्जवाला पुल (सर्व्हरवरचे बदल आणून जोडणं) करून इतरांचं काम जोडून घे, नाहीतर नव्या कमिटमध्ये त्यांचे बदल उलटे फिरतील, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. सीएसव्हीचं नाव .गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींची यादी) लगेच टाक, आणि तो डेटा रेपोत (प्रोजेक्टच्या गिट साठ्यात) हवाच असेल तर गिट एलएफएस (मोठ्या फाइलींसाठीची गिटची सोय) वापर.

लॅबच्या पीसीचं सोपंय. 13 ऑगस्ट 2021 पासून गिटहब पुशसाठी अकाउंटचा पासवर्ड घेतच नाही, पर्सनल ॲक्सेस टोकन (गिटहबवर बनवायची पासवर्डसारखी किल्ली) बनवून पासवर्डच्या जागी तो टाक. पीसी सगळ्यांचा आहे, तेव्हा टोकन थोड्या दिवसांचाच ठेव आणि तिथे सेव्ह करू नकोस.