आधी घड्या उन्हात येऊ द्या

प्रश्न: माझ्या 13 वर्षांच्या मुलीला सहा महिन्यांपूर्वी पाळी आली. सासूबाई तिला चार दिवस वेगळं बसवतात. ती कापडाच्या घड्या चोरून धुते आणि दुसऱ्या कपड्यांखाली वाळत घालते. आता जांघेत पुरळ आलंय, सारखी खाज सुटते. बोलले तर घरात वाद, गप्प बसले तर पोरगी मिटत चाललीय. काय करू?

उत्तर: ताई, तुमच्या लेकीच्या पुरळाचं मूळ बहुधा त्या लपवण्यातच आहे. कपड्यांखाली हवा लागत नाही, घडी आतून दमट राहते, तीच पुन्हा वापरली की कातडी घासते आणि बुरशी धरते. म्हणून सुरुवात वाळत घालण्याच्या दोरीपासून करा.

घडी बदलली की लगेच थंड पाण्यात अर्धा तास भिजवायची. गरम पाण्यात रक्तातली प्रथिनं धाग्याला चिकटतात आणि डाग पक्का होतो. मग साबण लावून, फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळायची. कापडात राहिलेल्या साबणानेही आग होते. झटकून, पूर्ण उलगडून थेट उन्हात. ऊन नसेल तेव्हा पंख्याखाली वाळवून वरून कडक इस्त्री फिरवा. दर 4 ते 6 तासांनी बदलायची तर दिवसाला चार-पाच घड्या लागतात. वाळायला दिवस जातो, त्यामुळे दहा-बारा तरी हव्यात. पाच-सहांवर भागवायला गेलं की ओलसर घडी वापरात येतेच.

पुरळावर परस्पर मलम लावू नका. त्यात स्टिरॉइड असेल तर खाज दबते आणि बुरशी पसरत राहते. जागा साध्या पाण्याने धुऊन कोरडी ठेवा. आठवड्यात फरक पडला नाही, किंवा अंगावरून वास येणारं जाऊ लागलं, तर डॉक्टरांना दाखवा.

सासूबाईंशी त्या चार दिवसांत बोलू नका, एरवी बोला. विटाळ खरा की खोटा हा वाद पहिल्याच दिवशी काढलात तर दोरीही हातची जाईल. ‘आई, पोरीला जखम होतेय, उद्यापासून घड्या उन्हात घालतेय,’ एवढंच सांगा. परवानगी मागू नका. ते अंगवळणी पडलं की तिचा नेहमीचा बिछाना, मग सगळ्यांसोबत जेवण. देवघराचं शेवटी, आणि तेव्हा लेकीला काय हवंय ते आधी विचारा. हे सगळं एकट्या सुनेने का ओढायचं? तुमच्या यजमानांना बोलायला लावा. आईपाशी मुलाचा शब्द वेगळा पडतो, आणि आपल्या बाबांना यात लाज वाटत नाही हे लेकीलाही दिसायला हवं.

तिच्याशी मात्र आजच बोला. ‘अंगातली घाण बाहेर पडते’ हे वाक्य घरातून कायमचं काढून टाका. दर महिन्याला गर्भाशयात अस्तर तयार होतं, गर्भ राहिला नाही की ते रक्तासोबत गळून पडतं. एका पाळीत साधारण 30 ते 40 मिलिलीटर रक्त जातं, दोन-तीन मोठे चमचे. सुरुवातीच्या वर्षांत दोन पाळ्यांत 21 ते 45 दिवसांचं अंतर चालतं. ‘घाण’ ऐकून मोठी झालेली मुलगी पाळी लांबली की ती आत साचली म्हणून घाबरते, आणि कुणाला विचारतही नाही.

रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त टिकला, तासाला एक घडी भिजू लागली किंवा दुखण्यामुळे शाळा बुडू लागली, तर पुढच्या पाळीची वाट न बघता डॉक्टरांकडे न्या.