पेरूमधल्या लिमा शहरात ४ रात्री कमी खर्चात राहायचं असेल तर हॉटेल कुठे आणि कसं निवडावं?

तुम्ही दोघं ऑगस्टमध्ये जाताय, खोलीसाठी रात्रीला ४००० रुपयांपर्यंत खर्च करायची तयारी आहे आणि विमानतळाजवळचं स्वस्त हॉटेल घ्यावं की थोडे जास्त टाकून समुद्रासमोरचं, हे ठरत नाहीये. माझं उत्तर: दोन्ही नको. मिराफ्लोरेस भागात, समुद्रापासून दहा-पंधरा मिनिटं आत, खासगी बाथरूम असलेलं साधं 'हॉस्टाल' घ्या. तिथलं चलन सोल, एका सोलचे साधारण २५ रुपये धरले तर तुमचं बजेट १६० सोल होतं, आणि त्यात हे बसतं.

आधी विमानतळाचं बघू. विमानतळ लिमात नाही, शेजारच्या कायाओत आहे. तिथली हॉटेलं १०० सोलला मिळतात म्हणून मोह होतो. पण हिशेब मांडा. ४ रात्रींचे ४०० सोल, विमानतळावर जायचे-यायचे ४०, आणि बघण्यासारखं सगळं १०-१८ किलोमीटरवर असल्यामुळे रोज दोन्ही वेळचे टॅक्सीचे मिळून १०० सोल सहज, तीन दिवसांचे ३००. झाले ७४०. मिराफ्लोरेसमध्ये १५० च्या खोलीचे ६०० आणि विमानतळाच्या टॅक्सीचे जाऊन-येऊन १२०, म्हणजे ७२०. पैसे तेवढेच, पण पहिल्या पर्यायात रोजचे दोन-तीन तास ट्रॅफिकमध्ये जातात आणि संध्याकाळी हॉटेलबाहेर पाय मोकळे करायला जावं असा तो परिसर नाही.

त्यात आणखी एक मेख आहे. १ जून २०२५ पासून नवं टर्मिनल सुरू झालं आणि ते जुन्या टर्मिनलपासून बरंच लांब, वेगळ्या रस्त्याने जायच्या बाजूला आहे. बऱ्याच हॉटेलांच्या जाहिरातीतलं 'विमानतळापासून ५०० मीटर' हे अंतर जुन्या दारापासूनचं असतं. नव्या टर्मिनलला बॅगा ओढत चालत जाता येत नाही, गाडी करावीच लागते. मध्यरात्री उतरून पहाटे दुसरं विमान पकडायचं असेल तरच त्या बाजूला राहण्यात अर्थ आहे.

समुद्रासमोरच्या खोलीचं म्हणाल, तर ऑगस्टमध्ये त्या खिडकीतून बहुधा पांढरा पडदा दिसेल. किनाऱ्याजवळून हम्बोल्ट नावाचा थंड सागरी प्रवाह वाहतो, त्यामुळे साधारण जून ते ऑक्टोबर शहरावर खालच्या ढगांचं झाकण बसलेलं असतं. या राखाडी आभाळाला तिथले लोक 'गाढवाचं पोट' म्हणतात. तापमान १५ ते १८ अंश, पाऊस जवळजवळ नाहीच, फक्त 'गारुआ' नावाचं तुषारांसारखं भुरभुरणं. शिवाय मिराफ्लोरेस उंच कड्यावर आहे; समुद्र खाली, पाणी गार, किनारा बहुतेक ठिकाणी गोट्यांचा. खोलीतून उतरून थेट वाळूवर, असला प्रकार नाही. कड्यावरून जाणारा मालेकोन हा फिरायचा रस्ता मात्र सुरेख आहे आणि फुकट आहे, तिथे रोज जा.

या हवेचा खोलीवर होणारा परिणाम लोक विसरतात. हवेत दमटपणा इतका, की कोकणातल्या पावसाळ्यासारखे धुतलेले कपडे दोन दिवस ओलेच राहतात, आणि स्वस्त हॉटेलात हीटर नसतो. म्हणून तळघर किंवा तळमजल्याची मागची खोली टाळा. बुरशीचा वास तिथेच येतो. खोलीला खिडकी आहे एवढ्यावर विसंबू नका. स्वस्त इमारतींमध्ये ती पुष्कळदा आतल्या डक्टमध्ये उघडते: उजेड नाही, हवा नाही, वर शेजाऱ्यांच्या गप्पा. अभिप्राय वाचताना 'ऊमेदाद' म्हणजे ओल आणि 'रुईदो' म्हणजे आवाज हे दोन शब्द शोधा. दोन-तीन वेगवेगळ्या लोकांनी ओलीची तक्रार केली असेल तर पुढचं हॉटेल बघा. जादा ब्लँकेट मागितलं की मिळतं. कपडे धुवायला किलोवर घेणाऱ्या लॉन्ड्रीत द्या, वाळवून घडी घालून मिळतात.

आता 'हॉस्टाल' म्हणजे काय ते. बंकबेडवालं बॅकपॅकर हॉस्टेल वेगळं. हॉस्टाल म्हणजे लहान लॉज. स्वतंत्र खोली, बहुधा घराचंच केलेलं हॉटेल, बाहेर लोखंडी जाळीचं दार आणि बेल. दार दिवसाही बंद दिसलं तर घाबरू नका, तिथे तशीच पद्धत आहे. त्याच पाटीखाली तासांवर खोल्या देणारी ठिकाणंही असतात. अभिप्राय कमी, भाव फारच कमी आणि फोटोत आरसे नि लाल दिवे असतील तर काय ते समजून घ्या. खोली निवडताना 'मात्रिमोनिआल' म्हणजे एक मोठा पलंग आणि 'दोब्ले' म्हणजे सहसा दोन वेगळे पलंग, हे तपासा.

मिराफ्लोरेसमध्ये नेमकं कुठे? मध्य म्हणजे केनेडी पार्क. पार्कला लागून असलेली पिझ्झावाल्यांची गल्ली आणि जवळची बेर्लीन गल्ली इथे पहाटेपर्यंत संगीत चालतं, त्यांच्या अगदी डोक्यावरची खोली घेऊ नका. लार्को, बेनाविदेस आणि आरेकिपा या मोठ्या रस्त्यांकडे तोंड असलेल्या खालच्या मजल्यांवर बसचे हॉर्न ऐकू येतात. एक-दोन गल्ल्या आत गेलात की शांत. पूर्वेकडचा सान आन्तोनियो भाग किंवा शेजारच्या सुर्किओ जिल्ह्याच्या हद्दीजवळच्या गल्ल्या थोड्या स्वस्त पडतात आणि सुर्किओची १ नंबरची मंडई चालत गाठता येते. फळं तिथूनच घ्या.

पत्ता वाचायची एक युक्ती. घर क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे सोडले की रस्त्याचा कितवा ठोकळा ते कळतं. आरेकिपा रस्ता जुन्या शहराच्या बाजूने सुरू होतो आणि ५२ ठोकळे ओलांडून मिराफ्लोरेसला संपतो. त्यामुळे 'आरेकिपा ४९००' म्हणजे मिराफ्लोरेस, पण 'आरेकिपा १५००' म्हणजे कित्येक किलोमीटर अलीकडे. तसंच 'सान हुआन दे मिराफ्लोरेस' हा दक्षिणेकडचा पूर्ण वेगळा जिल्हा आहे. नावात मिराफ्लोरेस दिसलं म्हणून बुक करू नका.

मिराफ्लोरेसच्या शेजारचा बारांको हा पर्याय चांगला आहे, जुनी घरं, भिंतीवरची चित्रं वगैरे, पण शुक्रवार-शनिवारी चौकाजवळ गोंगाट असतो. जुन्या शहरात म्हणजे सेन्त्रोमध्ये खोल्या सगळ्यात स्वस्त. दिवसा तो भाग बघायलाच हवा, पण रात्री नऊनंतर दुकानांची शटर्स पडली की रस्ते ओस पडतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी तिथे राहा म्हणणार नाही. रोजचं येणं-जाणं मेत्रोपोलितानो या बसने करा. स्वतंत्र मार्गिकेवरून जाते, मिराफ्लोरेसमध्ये रिकार्दो पाल्मा आणि बेनाविदेस ही स्थानकं सोयीची. कार्ड घ्यावं लागतं, एकाच कार्डावर दोघं जाऊ शकता आणि एका फेरीला माणशी साडेतीन सोलच्या आसपास पडतात. म्हणून हॉटेल या मार्गापासून दहा मिनिटांच्या चालीत आहे का ते नकाशावर बघा. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते आठ मात्र बसमध्ये शिरायला रांग लागते.

आता पैसे जिथे विनाकारण जातात ते: कर. पेरूमध्ये आयजीव्ही नावाचा १८ टक्के कर आहे. लहान हॉटेलांना काही काळासाठी कमी दर दिला आहे. पण तिथले रहिवासी नसलेल्या परदेशी पर्यटकाला ६० दिवसांपर्यंतच्या मुक्कामात हॉटेलच्या खोलीवर हा कर माफ आहे. बुकिंग साइटवर काही हॉटेलं करासकट भाव दाखवतात, काही कराविना, त्यामुळे १४० ची खोली १६५ ची होऊ शकते किंवा उलटही. माफी मिळवायला मूळ पासपोर्ट आणि प्रवेशाची नोंद लागते. ही नोंद आता कागदी कार्डाऐवजी ऑनलाइन असते. तिला 'ताम बिर्त्वाल' म्हणतात आणि ती इमिग्रेशनच्या संकेतस्थळावरून पासपोर्ट क्रमांक टाकून उतरवून घेता येते. लिमात पोचल्यावर ती फोनमध्ये ठेवा, म्हणजे काउंटरवर वाद होत नाही. हॉटेल पासपोर्टची प्रत काढून घेतं, ते नेहमीचंच आहे. चेक-इनच्या वेळीच एकूण रक्कम कागदावर लिहून घ्या. निघताना बिलात कर निघाला आणि काउंटरवरच्या माणसाला तो काढता येत नाही, असं होतं. कार्डाने दिल्यास काही ठिकाणी ५ टक्के जादा लावतात, तेही आधी विचारा. यंत्रावर रुपये की सोल असं विचारलं तर सोल निवडा.

बुकिंगआधी हॉटेलला व्हॉट्सॲपवर स्पॅनिशमध्ये, भाषांतर ॲप वापरून, चार प्रश्न टाका: भावात आयजीव्ही धरलाय का, गरम पाणी २४ तास आहे का, खिडकी रस्त्याकडे आहे का, आणि रात्री रिसेप्शनवर माणूस असतो का. उत्तर गुळमुळीत आलं तर सोडून द्या. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण बरीच विमानं रात्री उशिरा उतरतात. ११ तारखेला रात्री साडेबाराला उतरणार असाल तर बुकिंग १० तारखेच्या रात्रीचं हवं. इथे फार जण चुकतात आणि दुपारी दोनपर्यंत लॉबीत बसतात. पहिल्या दोन रात्रीच बुक करा, रद्द करता येणाऱ्या अटीवर. खोली आवडली तर तिथेच वाढवा, रोख देणार म्हटलं की भाव थोडा उतरतोही. ऑगस्टमध्ये एवढी मोकळीक असते. २८-२९ जुलैच्या राष्ट्रीय सुट्टीत आणि ३० ऑगस्टच्या सान्ता रोसाच्या सुट्टीला जोडून शनिवार-रविवार आला तर मात्र सगळ्या रात्री आधीच पक्क्या करा.

विमानतळावरून येताना बाहेर हाका मारणाऱ्यांच्या गाडीत बसू नका. आतल्या अधिकृत टॅक्सी काउंटरवरून किंवा ॲपवरून घ्या, मिराफ्लोरेसपर्यंत ५० ते ८० सोल. एअरपोर्ट एक्सप्रेस लिमा नावाची बस मिराफ्लोरेसमधल्या ठरावीक थांब्यांवर सोडते. एकट्याला ती स्वस्त, दोघांचं भाडं टॅक्सीच्या जवळ जातं. गाडीत फोन खिडकीशी धरू नका, सिग्नलला मोटरसायकलवाले हिसकावतात.

खोलीत शिरल्यावर पैसे देण्याआधी पाच मिनिटं घ्या. नळावर 'सी' म्हणजे कालिएन्ते, गरम. 'एफ' म्हणजे फ्रीआ, थंड. बरोबर उलट समजून लोक गार पाण्यात उभे राहतात आणि गरम पाणी नाही म्हणून तक्रार करतात. बाथरूममध्ये 'तेर्मा' म्हणजे आपला गीझर असेल तर तो अर्धा तास आधी लावा आणि एकामागून एक दोघांच्या आंघोळीला पुरेल का ते टाकीवरच्या लिटरांवरून बघा. शॉवरच्या तोंडातच हीटर असेल तर नळ कमी सोडायचा: धार बारीक तेवढं पाणी गरम. टॉयलेट पेपर कमोडमध्ये न टाकता शेजारच्या डब्यात टाकायचा, नाहीतर पाइप तुंबतात. वीज २२० व्होल्टची, त्यामुळे आपले चार्जर चालतात. दोन गोल पिनांचा मोबाइल चार्जर सहसा थेट बसतो, लॅपटॉपच्या तीन पिनांना ॲडाप्टर न्यावा लागेल. भिंतीवर हिरव्या-पांढऱ्या पाटीवर मोठा 'एस' दिसेल, ती भूकंपात उभं राहायची जागा. कुठे आहे ते एकदा बघून ठेवा, लिमात धक्के बसतात.

नाश्ता भावात धरलेला असला तरी फार अपेक्षा नको: दोन पाव, लोणी, जॅम, रस आणि काळ्या कॉफीच्या अर्काची बाटली. तो अर्क कपात दोन बोटं ओतून वर गरम पाणी घालायचं. नुसता प्यायलात तर डोळे पांढरे होतील. नाश्त्यासाठी २० सोल जादा मागत असतील तर देऊ नका. दुपारी कोणत्याही साध्या खाणावळीत 'मेनू' म्हणजे सूप, मुख्य पदार्थ आणि सरबत १५-२० सोलमध्ये होतं. शाकाहारी असाल तर 'मांस नको' एवढं पुरत नाही, चिकन आणि मासे वेगळे सांगावे लागतात. नळाचं पाणी पिऊ नका. सुपरमार्केटमधून ७ लिटरचा कॅन आणला की दोघांना दोन-तीन दिवस पुरतो.

रुपये तिथे कोणी बदलून देत नाही. कोरे, न फाटलेले डॉलर न्या. कोपरा जरा फाटलेली नोटही परत करतात. लार्को रस्त्यावरच्या मनी चेंजरच्या दुकानात बदला आणि १०० सोलच्या किंवा त्याहून लहान नोटा मागून घ्या, कारण लहान हॉस्टालमध्ये २०० सोलची नोट मोडायला पैसे नसतात.

पुढे माचूपिचूसाठी कुस्कोला विमानाने जाणार असाल तर मोठी बॅग त्याच हॉस्टालमध्ये ठेवा. परतीची रात्र तिथेच बुक केलेली असली की बहुतेक जण पैसे घेत नाहीत. बॅगेला कुलूप लावा आणि त्यांच्याकडून चिठ्ठी घ्या. सकाळी सहाच्या विमानासाठी पहाटे साडेतीनला निघालात तर पाऊण तासाच्या आत पोचता. नऊचं विमान घेतलंत तर मात्र सव्वापाचलाच निघा, सहानंतर रस्ते भरायला लागतात आणि तेच अंतर दीड तास खातं.