गणपतीपुळ्याच्या शिबिरातून सुपरवायझर घडतात का?

तुम्ही विचारलंय की मालक सगळ्या सुपरवायझरांना गणपतीपुळ्याला दोन दिवसांच्या नेतृत्व शिबिराला धाडणार आहेत, त्याचा उपयोग होईल का, आणि असे कार्यक्रम लागू पडतात ते नेमके कशामुळे. मी रत्नागिरीकडच्या एका आंबा कॅनिंग कारखान्यात प्रशिक्षणाचं बघतो, त्या अनुभवावरून सांगतो.

नुसतं शिबिर असेल तर मासे खाऊन, पुळणीवर फिरून माणसं खूश होऊन परत येतील. तेही वाईट नाही म्हणा, पण मग त्याला सहल म्हणावं आणि खर्च त्या खात्यात टाकावा.

शिकलेलं टिकतं ते लगेच वापरायला मिळालं तर. आमचा हंगाम ऐन मे महिन्यात. गेटवर टेम्पोंची रांग, वळवाच्या पावसात भिजलेला माल, निवडायला बसलेल्या बायकांत निम्म्या नवीन. तिथे लाइनवर सुपरवायझर कसा बोलतो तीच खरी परीक्षा. म्हणून आम्ही एप्रिलपासून आठवड्याला एक छोटं सत्र घेतो, कारखान्यातच, आणि मधल्या दिवसांत वरिष्ठ पंधरा मिनिटं बाजूला उभा राहून बघतो. नंतर चहा घेताना सांगतो, तेही जे दिसलं तेवढंच. एका पोराला एवढंच सांगितलं होतं, "डागी आंबा वेगळा का काढायचा हे तू विचारलंस आणि उत्तरही तूच दिलंस. त्या बाईने तोंड उघडलं होतं, तुला दिसलं नाही." दुसऱ्या दिवशी तो विचारून गप्प उभा राहिला. बाईंनी सांगितलं ते असं, की क्रेट काठोकाठ भरताना खालचा आंबा दबतो, मग डाग इथेच पडतो. क्रेट कमी भरायचं ठरलं. हे कुठल्या स्लाइडवर नव्हतं.

हा माझ्या एकट्याचा हट्ट नाही. २०१७ मध्ये लासेरेन्झा आणि सहकारी या संशोधकांनी नेतृत्व प्रशिक्षणावरच्या आधीच्या अभ्यासांतले ३३५ नमुने, म्हणजे अभ्यासलेले गट, एकत्र करून तपासले. आधी गरज ओळखणं, अभिप्राय देणं, सराव करून घेणं, सत्रं एकदम न घेता अंतराने घेणं आणि प्रशिक्षण कामाच्या जागीच ठेवणं, या गोष्टी असतील तर परिणाम जास्त, असं त्यात दिसतं. दोन दिवसांच्या रिसॉर्टात यातलं काय काय बसतं ते तुम्हीच बघा.

मोजमापाचं म्हणाल तर शेवटी भरून घेतात तो "कार्यक्रम कसा वाटला?" फॉर्म जवळजवळ निरुपयोगी. प्रशिक्षणाचे अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच मोजमापाच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या: आवडलं का, शिकले का, कामावर वागणं बदललं का, कामाच्या निकालात फरक पडला का. बहुतेक ठिकाणी गाडी पहिल्या पायरीवरच थांबते. आम्ही माल किती परत आला, किती बायका मध्येच काम सोडून गेल्या, हे बघतो. त्यात पाऊस आणि दर यांचाही हात असतो, तेव्हा सगळं श्रेय प्रशिक्षणाला द्यायचं नाही.

मालकांना एकच विचारा: शिबिरानंतर वरिष्ठ दर आठवड्याला लाइनवर उभे राहायला वेळ काढणार का? नाही म्हणाले तर शिबिराचे पैसे वाचवा आणि सुपरवायझरांना चार दिवस सुट्टी द्या, हंगामाआधी तीच जास्त कामाला येईल.