जुने स्पीकर घेताना

प्रश्न : शास्त्रीय गायन ऐकण्यासाठी दहा हजार रुपयांच्या आत जुने स्पीकर घ्यायचे आहेत. नाशिकमध्येच एका गृहस्थांकडे १९८० च्या दशकातील जोडी पाहिली. पेट्या फार देखण्या आहेत. घ्यावी का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : पेटीच्या देखणेपणावर जाऊ नये. जाळी काढून शंकूच्या (थरथरून आवाज काढणाऱ्या पडद्याच्या) कडेची गोल पट्टी बोटाने हलकेच दाबून पाहावी; ती मूळ फोमची असेल, तर एवढ्या वर्षांत बहुधा तिचा भुगा होऊन बोटाला चिकटेल, मात्र रबराची किंवा कापडाची अजूनही लवचीक असू शकते. फोम बदलता येतो. तो खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत. त्यानंतर दोन्ही हातांच्या बोटांनी शंकू अलगद सरळ आत ढकलावा, आणि खरखर जाणवली तर कॉइल (शंकूमागची तारेची गुंडाळी) घासते आहे असे समजून ती जोडी सोडून द्यावी. ट्विटरजवळ (उंच स्वरांसाठीच्या लहान स्पीकरजवळ) कान नेऊन प्रत्येक पेटी स्वतंत्रपणे ऐकावी, कारण बंद ट्विटर लांबून चटकन लक्षात येत नाही आणि तंबोऱ्याची जवारी मात्र त्यातच हरवते. आपल्या पावसाळ्यात ओल धरलेली चिपबोर्डची पेटी तळाशी फुगते. ती आडवी करून अवश्य पाहावी. स्पीकर चार ओहम विद्युतरोधाचे असल्यास आपल्या अ‍ॅम्प्लिफायरला ते चालतात का, हेही तपासावे.