डेक बसला? आधी खांबाचं बूड बघा

प्रश्न : गोसीखुर्दच्या फुगवट्यात, पवनीच्या बाजूला, आमच्या गटानं पर्यटकांसाठी जुनी २१ फुटी फायबरची शिडाची होडी घेतली. डोलकाठी डेकवर उभी आहे, तिच्या खाली केबिनमध्ये सागवानी खांब आहे. डोलकाठीच्या बुडाभोवतीचा डेक बशीसारखा दबलाय, बारीक तडेही गेलेत. ताणाच्या तारा आवळल्या की आठवड्यात पुन्हा ढिल्या. फायबरचं काम करणारा म्हणतो, वरून काचतंतूंच्या मॅटचे दोन थर मारून देतो. तेवढ्यानं भागेल का?
– एक वाचक, ता. पवनी, जि. भंडारा

उत्तर : नाही भागणार, भाऊ. आणि तारा आवळणं आजच थांबवा. वारा नसला तरी चारी बाजूंच्या तारा डोलकाठीला खाली दाबतच असतात. तार आवळायचा टर्नबकल फिरवला की दाब वाढतो, डेक आणखी बसतो आणि तार पुन्हा सैल होते. हा भार एकट्या डेकनं पेलायचा नसतोच. तो खांबावर, खांबावरून तळातल्या ठोकळ्यावर आणि तिथून कीलवर, म्हणजे होडीच्या तळाच्या कण्यावर, उतरतो. यातलं काहीही मऊ पडलं तरी खड्डा दिसतो तो डेकवरच.

केबिनची फळी उचला आणि खांबाच्या बुडात पेचकस टोचून बघा. तळाचं पाणी तिथंच साचतं. खांबाचे तंतू उभे असतात, ठोकळ्याचे आडवे, आणि आडव्या तंतूंवर लाकूड फार कमी दाब सोसतं. म्हणून खांब शाबूत आणि खालचा ठोकळा चेपलेला, असं पुष्कळदा निघतं. शेजारच्या प्लायच्या पडदीचं बूडही टोचून बघा.

मग डेकवर पेचकसाच्या मुठीनं ठोकत जा. टणटणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर दोन फायबरच्या थरांमधलं लाकूड ओलं किंवा कुजलेलं आहे. त्या जागेला पेन्सिलनं घेर मारा. पाणी बहुधा बोल्टच्या भोकांतून आणि दिव्याची वायर जाते त्या भोकातून शिरतं.

डोलकाठी पाण्याकाठी उतरवणार असाल तर आधी वर विजेच्या तारा नाहीत ना, ते पाहा. डोलकाठी ॲल्युमिनियमची आहे आणि काठावरच्या कृषिपंपांच्या लाइनी खाली लोंबत असतात. तीन माणसं आणि दोन दोर लागतील.

कामाचा क्रम खालून वर. खांब काढा, कुजका ठोकळा काढून टाका. त्याच्या जागी काचेची इपॉक्सी शीट, म्हणजे काचकापड इपॉक्सीत दाबून केलेली टणक शीट, बसवा. नागपुरात इलेक्ट्रिकल इन्सुलेशनचं सामान विकणाऱ्यांकडे ती मिळते, रंगानं फिकट हिरवट-पिवळी असते. तपकिरी हायलम शीट घेऊ नका, ओल्या जागी ती टिकत नाही. खांबाचं कुजकं टोक निरोगी लाकूड लागेपर्यंत कापा. उघड्या तंतूंवर पातळ इपॉक्सी (हार्डनर मिसळला की कडक होणारं रेझिन) पिणं थांबेपर्यंत लावा, निदान तीन हात. कापलेली उंची त्याच शीटचे तुकडे एकावर एक चिकटवून भरून काढा. तळात पाणी वाहून जायला वाट ठेवा, नाहीतर पाच वर्षांनी हेच काम पुन्हा.

डेक वर उचलायला गाडीचा स्क्रू जॅक आणि वर-खाली जाड फळी पुरते. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत दोरी ताणून डेकचा मूळ बाक किती होता ते शेजारच्या भागावरून ठरवा आणि दिवसाला २ ते ३ मिमीच चढवा. घाई केली तर फायबर तडकतं.

आता डेक. वरचं कवच घेराच्या बाहेर निरोगी भागापर्यंत कापून अखंड काढा, फेकू नका. आतलं कुजकं खरवडून काढा आणि जागा पूर्ण वाळू द्या. डोलकाठी आणि खांब यांच्या मधल्या २० × २० सेंमी जागेत १२ मिमी जाडीची तीच काचेची शीट, बाकी भागात आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय. दोन्ही भुकटी मिसळून घट्ट केलेल्या इपॉक्सीत बसवा, पोकळी राहू देऊ नका. कवच परत चिकटवा. सांध्याच्या दोन्ही कडा १२ला १ अशा उतरत्या घासा, म्हणजे ३ मिमी कवचाला ३६ मिमी रुंद उतार. त्यात चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या काचकापडाचे आठ-नऊ थर. मॅट नको, तिचा बांधणारा डिंक इपॉक्सीत विरघळत नाही. पॉलिस्टर रेझिनही नको, जुन्या फायबरवर आणि लाकडावर त्याची पकड कमी असते. ४० × ३० सेंमी जागेला दीड किलो इपॉक्सी पुरावं.

८ मिमी बोल्टसाठी आधी १४ मिमी भोक पाडा, घट्ट इपॉक्सीनं भरा आणि वाळल्यावर मधोमध ८ मिमी पाडा. मग बोल्टमधून पाणी झिरपलं तरी लाकडाला लागत नाही. इतकी साधी गोष्ट, आणि नेमकी हीच राहून जाते.

हे काम मे महिन्यात काढू नका. ४५ अंशांत इपॉक्सी डब्यातच उकळून दगड होतो. नोव्हेंबर बरा. तेव्हाही एका वेळी १०० ग्रॅमच कालवा आणि पसरट ताटलीत ओता. हार्डनरचं माप ठरलेलं असतं. पॉलिस्टरसारखं थेंब कमी-जास्त करून चालत नाही. रात्री पारा १०-१२ अंशांवर येत असेल तर सकाळीच लावा, म्हणजे दिवसभराची ऊब मिळते. वाळल्यावर वर चिकट तवंग आला तर साध्या पाण्यानं घासून धुवा, मगच पुढचा थर.

प्रश्न : खांब नवाच करायचा तर बाभळीचा चालेल का? बैलगाडीच्या चाकाला तीच लागते.
– एक वाचक, नवेगाव बांध, जि. गोंदिया

उत्तर : दाब बाभूळ सोसेल, पण ती जड, आणि नीट मुरलेली नसली तर चिरते. सागाचा गाभा घ्या, आलापल्लीकडचा मिळाला तर उत्तमच. कडेचा पांढुरका भाग सुताराकडून काढून घ्या, तो लवकर कुजतो. साग तेलकट असतो, म्हणून इपॉक्सी लावण्याच्या थोडं आधी ॲसिटोनच्या फडक्यानं पुसा. खांब जागेपेक्षा १ मिमी लांब ठेवा आणि जॅक लावलेला असतानाच बसवा.